पान उलटायला माणूस

आमच्या घरात रिकामी जागा सोडायची पद्धत नव्हती. हे मी कागदाबद्दल सांगतेय, खोल्यांमध्ये तर ती मुळातच नव्हती. गिरगावातल्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं: अप्पा, आई, थोरला भाऊ, अप्पांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, आणि मी. अप्पा फोर्टात एका सॉलिसिटरच्या कचेरीत नकला करायचे. कुणाचं घर विकलं गेलं, कुणी मृत्युपत्र केलं, की त्याची स्वच्छ प्रत काढायची. टाइपरायटर येऊन जमाना झाला होता, तरी काही जुन्या अशिलांना दस्त हाताने लिहिलेलाच लागे, आणि ते काम अप्पा घरी आणत. सातवी झाली, माझी शाळा सुटली, आणि त्यांनी माझ्या हातात टाक दिला. इंग्रजी मला अक्षरांपुरतंच यायचं. अर्थ कळत नसे. अप्पांना त्याचं काही वाटत नसे, उलट ते म्हणत की अर्थ न कळणारा माणूस नक्कल चांगली करतो, कारण तो मधेच शहाणपणा करायला जात नाही. त्यांचा दुसरा नियम कडक होता. ओळीच्या शेवटी जागा उरली तर कोपऱ्यापर्यंत नागमोडी रेघ ओढायची, आणि पान पार खालपर्यंत भरायचं. रिकामी जागा दिसली की उद्या कुणीतरी तिथे चार शब्द घुसडतो आणि एखाद्याचं घर जातं, असं ते सांगायचे. सांगताना आमच्या दाराकडे बघायचे, जसा काही तो माणूस जिन्यात उभाच आहे.

ते दिवस चळवळीचे. आमच्या नाक्यावर अश्रुधूर झाला तेव्हा आईने ओले पंचे दाराच्या फटीत कोंबले होते, तरी डोळ्यांची आग दोन दिवस गेली नाही. त्याच धावपळीत भाऊच्या खांद्याचं हाड सरकलं. तो बरा झाला आणि परत सभांना जायला लागला, पण बंदी झाली ती मला. खोली, गॅलरी आणि मजल्याच्या टोकाचा नळ, एवढाच माझा मुलूख. आत्याबरोबर देवळात जायचे तेही बंद झालं. पहिल्यांदा वाटलं आठ दिवसांचा प्रश्न आहे. मग महिने झाले, आणि मला का कोंडलंय याचं कारण लोक विसरून गेले, कोंडणं तेवढं राहिलं. मुंबई कोणाची हे अजून ठरायचं होतं, मी कोणाची हे मात्र ठरून गेलं होतं. इंदूरचं स्थळ होतं, मुलगा शाळेत मास्तर, लग्न पुढच्या वर्षी वैशाखात. भाऊ घोषणा देऊन घसा बसवून यायचा, आई त्याला गूळ घालून दूध द्यायची, आणि मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या त्या घरातून आपली मुलगी महाराष्ट्राबाहेर चालली आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. मी एकदा बोलून दाखवलं तर आत्या वाल सोलता सोलता म्हणाली, "मग तुझ्यासाठी वेगळा मोर्चा काढायचा का गं?" सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता.

दुपारी मी गॅलरीत टेबल टाकून लिहीत बसायचे. अजून ते आवाज सांगू शकते मी: रस्त्यावरून ट्रामची घंटा, खालच्या मजल्यावर पाटा-वरवंटा, आत भिजलेले वाल सोलताना साल सुटते त्याचा बारीक पच्च आवाज, आणि समोरून सॅक्सोफोन. आमची गॅलरी चाळीच्या मागच्या अंगाला, आणि तिच्यासमोर ख्रिस्ती लोकांची वाडी होती, लाकडी जिन्यांची बुटकी घरं, आणि त्यातलं पहिलंच घर आग्नेल मास्तरांचं. त्यांची खिडकी आमच्या गॅलरीच्या इतकी जवळ की हात लांब केला तर वाटी देता यायची. मास्तर मूळचे गोव्याचे, सिनेमाच्या स्टुडिओत सॅक्सोफोन वाजवायचे. शहरातली निम्मी माणसं त्यांचं वाजवणं ऐकून होती आणि नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पण घरी ते कधी धून वाजवत नसत. एकच सूर धरायचे, श्वास संपेपर्यंत, मग दुसरा. धंद्याचा माल घरात उघडायचा नाही, म्हणायचे. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या यायच्या, आपल्या करंज्यांसारख्या. आत्या त्या घेऊन थेट मोलकरणीला द्यायची, आणि मी त्यातल्या दोन आधीच परकराच्या ओच्यात लपवलेल्या असायच्या.

माझी पानं गॅलरीच्या कठड्यावर वाळत ठेवलेली असत. एकदा मास्तर खिडकीतून बराच वेळ ती बघत राहिले आणि अप्पांना म्हणाले, "अप्पासाहेब, हें अक्षर कोणाचें?" अप्पांनी माझ्याकडे बोट केलं. आठवड्याने मास्तर छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्या दारात. पाच-पाच रेघांचे कागद, धोबीतलावच्या दुकानातले. त्यांचा नक्कल करणारा माणूस गावी जाऊन बसला होता. एका धुनेचं सगळं संगीत एका मोठ्या कागदावर लिहिलेलं असतं, त्यातून प्रत्येक वाद्याचं वेगळं पान काढायचं, व्हायोलिनचं वेगळं, चेलोचं वेगळं. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. अप्पांनी तो कागद उजेडाला धरला, आणि यावर सही कोण करतं एवढंच विचारलं. सही नसते म्हटल्यावर त्यांना तो कागद जरा हलका वाटला असावा, पण परवानगी दिली. घरात बसूनच करायचं काम होतं ना.

पोकळ ठिपके, भरीव ठिपके, काड्या, शेपट्या. मी ते दस्तासारखेच उतरवले. आणि दस्तासारखंच, ओळीच्या शेवटी जागा उरली तिथे नागमोडी रेघ ओढली. दोन दिवसांनी मास्तर हसत हसत आले. त्यांच्या लिपीत तसल्या रेघेचा अर्थ सूर थरथरवत ठेवायचा असा होतो. "बाय, काल स्टुडिओत सात व्हायोलिनवाले थंडी वाजल्यासारखे थरथरत बसले गो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मास्तर रागावले नाहीत. आमच्या टेबलाशी बसून त्यांनी हात हवेत धरून दाखवले: या हातात व्हायोलिन, या हातात गज, मग पान कोण उलटणार? म्हणून लिहिणाऱ्याने पान असं संपवायचं की तिथे वादकाला थांबा मिळेल. व्हायोलिनवाले कागद ठेवायच्या एका स्टँडपुढे दोघं असतात, त्यांतला आतल्या बाजूचा थांबून उलटतो. "पण मी एकटो. माझे दोन्ही हात गुंतले. पानाच्या शेवटाक मला उसंत दी. रिकामी जागा सोड." रिकामी जागा सोड असं मला जन्मात पहिल्यांदा कुणी सांगत होतं. अप्पा पलंगावर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला आणि परत वर घेतला.

वर्षभरात मी तयार झाले. किती ओळींनी थांबा येणार ते आधी मोजून, अक्षर थोडं दाटून किंवा सैल करून पान नेमकं तिथे आणायचे. हळूहळू मास्तरांनी ठिपक्यांची नावं सांगितली, वर चढले की सूर वर, एवढं मला कळू लागलं. पण ऐकलं मात्र काही नव्हतं. नाक्यावरच्या इराण्याच्या रेडिओवर गाणी लागायची, ती ऐकू यायची. मी लिहिलेलं त्यातलं कुठलं आणि कुठे आहे, ते मला ओळखता येत नसे. वर्षभर पत्रं लिहून द्यायची आणि ती कुणी वाचताना बघायची नाहीत, तसं होतं ते.

मग चर्चच्या कार्यक्रमाचं ठरलं. आमच्या गल्लीच्या टोकालाच चर्च, गॅलरीतून त्याचं घड्याळ दिसायचं. रविवारी दुपारी चारला सिनेमातल्या धुनांचा कार्यक्रम, सॅक्सोफोन मास्तरांचा आणि साथीला नुसती तारवाद्यं, त्यांचेच स्टुडिओतले सोबती. तिथल्या पाद्रीबाबांनी एकच अट घातली होती की गायचं कुणीही नाही. धून चालेल, शब्द नकोत, कारण शब्द सगळे प्रेमाचे. मास्तरांनी अकरा धुना नव्याने बसवल्या आणि सगळी पानं लिहायला माझ्याकडे आली. दीड महिना मी दुसरं काही केलं नाही. बोटाला निबेचा घट्टा पडला. आई म्हणायची, इंदूरकर बघतील तर म्हणतील मुलगी आहे की कारकून.

लिहून होत आलं तसं मी धीर करून अप्पांना विचारलं. फक्त एकदा जाऊन ऐकू का. आत्याला घेऊन जाईन, मागे बसेन. अप्पांनी ओरडून नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले की बाहेर हरताळाचं वातावरण आहे, लग्न ठरलेलं आहे, चर्चमध्ये जाऊन बसलीस तर चार माणसं चार गोष्टी बोलतील, आणि शिवाय तुला ऐकून करायचंय काय, तुझं काम तर झालं. हे शेवटचं मला लागलं. मी गॅलरीत येऊन बसले. घड्याळ समोर दिसत होतं, चर्च पन्नास पावलांवर, आणि मला तिथवर न्यायला जगात कुणी नव्हतं. वैशाख लागला की गॅलरी जाईल आणि इंदूरची कुठली तरी खिडकी येईल, एवढाच फरक, असं त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ कळलं.

आणि मग मी ते केलं. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, आता लिहायला हरकत नाही, ज्यांची चोरी ती माणसं राहिली नाहीत. शेवटची, सगळ्यात लांब धून, तिचं सॅक्सोफोनचं तेवढं लिहायचं उरलं होतं. तीन पानं होणार होती. स्टँडवर दोन पानं शेजारी मावतात, तिसऱ्यासाठी उलटावंच लागतं. त्या धुनेत मधोमध एक लांब धाव होती, कितीतरी ओळी नुसते बारीक ठिपके, श्वास घ्यायलाही जागा नाही. मी पहिली दोन पानं हळूहळू पसरत लिहिली, ठिपक्या-ठिपक्यांत बोटभर अंतर सोडत, आणि दुसरं पान नेमकं त्या धावेच्या पोटात संपवलं. शेवटचा ठिपका अगदी कोपऱ्यात. अप्पांच्या दस्तासारखा, एक केस जाईल एवढीसुद्धा जागा न सोडता. वरून मी ते शनिवारी संध्याकाळी दिलं. शुक्रवारपासून हरताळ, धोबीतलावची दुकानं बंद, घरात पाच रेघांचा एक कागद शिल्लक नाही, हे सगळं मला माहीत होतं.

मास्तर तासाभरात आमच्या दारात आले. दुसरं पान हातात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चुलीकडे पाहिलं. मग ते अप्पांना म्हणाले, "अप्पासाहेब, इथे पान उलटता येणार नाय. उलटायला माणूस हवो, ठिपके वाचणारो. माझी सगळी माणसं वाजवणार." अप्पांनी पान घेतलं. तिसरं पान बाजूला टाचलं तर? स्टँडवरून लोंबेल, पंख्याने उडेल. परत लिहून दिलं तर? कागद नाही. आई म्हणाली की पाद्रीबाबा नाही का उलटणार. कुणी हसलं नाही.

मला वाटलं आता मार बसणार. पण अप्पांच्या कचेरीचा एक रिवाज होता, आणि तो माझ्यापेक्षा त्यांना चांगला ठाऊक होता. नक्कल चुकीची निघाली तर ज्याने केली तो ती घेऊन जातो, साहेब म्हणेल तिथे, कोर्टात म्हणेल तर कोर्टात, आणि काम संपेपर्यंत तिच्याशेजारी उभा राहतो. अप्पा स्वतः एकदा तापात असे उभे राहिले होते. त्यांनी पान मास्तरांना परत दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिची चूक आहे, ही उभी राहील. मुलगी आहे म्हणून नियम बदलत नाही." आत्याने तोंड उघडलं तेवढ्यात म्हणाले, "तू बरोबर जायचंस."

रविवारी मी आईची अंजिरी नऊवारी नेसले. चर्चच्या पायऱ्यांशी आत्याने सवयीने चपला काढल्या, म्हणून मीही काढल्या. आत गेल्यावर बघते तर सगळं चर्च बुटात आणि आम्ही दोघी अनवाणी. मास्तरांच्या बायकोने मला डोक्यावरून पदर घ्यायला सांगितलं, आत्याला मागच्या बाकावर टेकवलं. तिने तिथे बसून पिशवीतून जपमाळ काढली, आणि ती ओढत राहिली शेवटपर्यंत. बाकं गच्च भरली होती, निम्मे वाडीतले, निम्मे आमच्या चाळीतले. मी वेदीखालच्या पायरीवर मास्तरांच्या डाव्या हाताला उभी. फरशी थंडगार. माझ्यासमोर सात व्हायोलिनं, दोन व्हायोला, दोन चेलो, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात माझं अक्षर.

पहिला सूर आला तेव्हा मला भीती वाटली. खरंच सांगते. इतका मोठा आवाज मी ज्या कागदांवर वाल सांडले होते त्यातून निघतोय यावर विश्वास बसेना. मग मी एका स्टँडवरचं पान वाचू लागले आणि कळलं की हे इथे आहे, हा चढ मी मंगळवारी लिहिला होता, आई भांडत होती तेव्हा. चेलो खाली घुमायला लागले, ते माझ्या तळपायांत फरशीतून येत होते. बाकांवरची माणसं गात नव्हती, पाद्रीबाबांची अट, पण सगळ्यांचे ओठ हलत होते. आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या कंपाउंडरपासून ते पुढे बसलेल्या कॉन्व्हेंटच्या दोन जोगिणींपर्यंत, सगळे आवाज न करता प्रेमाचे शब्द म्हणत होते. दीडेक तास मी कोण, कुठली, हे मला आठवत नव्हतं.

आणि म्हणून शेवटच्या धुनेत मी पान उलटायला विसरले.

धाव सुरू झाली. मी ठिपक्यांमागे पळत होते, मग ठिपके सोडून नुसती ऐकायला लागले. सॅक्सोफोन असा वर वर जात होता की मी मास्तरांच्या गालांकडे बघत राहिले. भानावर आले तेव्हा दुसरं पान कधीच संपलं होतं. घाईने हात पानाकडे नेला. पण वाजणं थांबलं नव्हतं. एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. ती धून त्यांना पाठ होती, ती पहिल्यापासूनच पाठ होती, त्यांना पान लागतच नव्हतं. मी तरीही उलटलं. लोक बघत होते, काहीतरी करायलाच हवं होतं. कागदाचा आवाज झाला तसं मास्तरांनी डोळे न उघडता मान जराशी हलवली, आभार मानावेत तशी.

टाळ्या ओसरल्यावर मी खाली बघत म्हणाले, "मास्तर, तुम्हाला पाठ होतं." ते सॅक्सोफोन पुसत होते. "स्टुडिओत ही धून चाळीस वेळां वाजवली गो, पाठ होणार नाय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "अक्षर एवढें फाकवलेंस, तेव्हांच समजलों. ऐकलेंस मगे?" मी मान हलवली. "बरें," म्हणाले आणि पेटी बंद केली.

बाहेर आलो तर पायऱ्यांशी आमच्या चपलांच्या दोन जोड्या, आणि त्यांच्याशेजारी अप्पा उभे. आत येणं त्यांना पटलं नसतं, म्हणून चारपासून तिथेच उभे होते. चपला जातील, असं आत्याला म्हणाले. मला विचारलं, "चूक निस्तरली?" मी हो म्हटलं. आम्ही तिघं पन्नास पावलं चाललो. जिन्याशी आत्या पुढे झाली, तेव्हा अप्पा माझ्यामागून म्हणाले, "पहिली दोन पानं फार ऐसपैस लिहिलीस, मालू. तुझा हात तसा नाही." मी कठडा धरून उभी राहिले. ते माझ्या बाजूने वर चढून गेले.

आता या वयात मी त्याचा विचार करते तेव्हा मला दोघांबद्दलही माया वाटते आणि रागही येतो. दोघांनाही कळलं होतं. ही पोरगी एवढी कासावीस आहे की खोटी नक्कल करतेय, हे एकाला ठिपक्यांवरून कळलं, दुसऱ्याला अक्षरावरून. दोघांनी मिळून, एकमेकांना न विचारता, मला दोन तास दिले. आणि दोघांनाही त्याहून जास्त देता आलं नाही, किंवा सुचलं नाही. वैशाखात लग्न झालं. मुंबई महाराष्ट्राला मिळाली तो पेपर मी इंदूरला वाचला, चार दिवस शिळा.

पण ते पुढचं. त्या रविवारी दिवेलागणीला घरी वालाचं बिरडं होतं, भाऊ सभेचं सांगत होता, आई कार्यक्रमाचं काही विचारत नव्हती. जेवण झाल्यावर अप्पांनी नेहमीसारखा एक दस्त माझ्यापुढे ठेवला, सोमवारी हवा होता. कुणाच्या तरी घराची वाटणी होती. मी लिहीत गेले. शेवटच्या ओळीत अर्धी जागा उरली. मी टाक बुडवला आणि कोपऱ्यापर्यंत नागमोडी रेघ ओढली, अप्पांनी शिकवली तशी, एक केस जाईल एवढीही जागा न सोडता. ओढत असताना सात व्हायोलिनं थरथरत होती. अप्पांनी पान उजेडाला धरलं, वरपासून खालपर्यंत तपासलं आणि म्हणाले, बरोबर आहे.